झोळीला लागलेला हात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मोठ्या मायचे. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या वऱ्हाडात असंच म्हणतात. बाळापूर तालुक्यातल्या एका लहान गावात ती अंगणवाडी सेविका आहे. माझे आईवडील तिकडे शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांत कामाला असायचे, बहाराप्रमाणे मुक्काम हलायचा आणि माझी शाळा दर वर्षी अर्धवट राहायची. चौथीनंतर मोठी माय मला घेऊन आली आणि बारावीपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो. मोठे बाबा त्याआधीच गेले होते. पुढे अमरावतीला राहून बी.एस्सी., एम.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझ्या हातात आला, तो मी तिच्या हातात दिला. तिने तो उलटून मागची बाजू पाहिली, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि लसीकरणाच्या रजिस्टरांखाली ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

आता मी दक्षिणेतल्या एका शहरात, एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करतो. काय करतो हे घरी सांगणं मला कधीच नीट जमलं नाही. आमच्याकडे काचेचे अतिसूक्ष्म गोळे असतात. केसाच्या जाडीत असे काही शे गोळे ओळीने बसतील. त्यातला एक गोळा आम्ही हवा काढून घेतलेल्या पेटीत लेझरच्या झोतात धरून ठेवतो. खाली काही नाही, वर काही नाही, दोरा नाही. नुसत्या उजेडाने तो अधांतरी राहतो. कॅमेऱ्यात पांढरा ठिपका दिसतो, तेवढाच त्याचा पुरावा. हे गोळे पेटीत सोडायला आम्ही दवाखान्यातलं नेब्युलायझर वापरतो, दम लागलेल्या लेकरांना वाफ देतात ते. मोठ्या मायला मी फोटो पाठवला तेव्हा बाकीच्या आरशांच्या जंगलात तिने तेवढंच ओळखलं.

"हे तं आपल्या उपकेंद्रातलं हाय," ती फोनवर म्हणाली. "तिथं कोणाले दम लागला?"

खरं काम त्यापुढचं. झोतात धरलेला तो कण सारखा थरथरत असतो. ती थरथर कमी करायची, म्हणजेच त्याला थंड करायचं.

"लेझरनं तं जाळतात ना रे? मंग थंडं कसं होते?"

मी सांगितलं, उष्णता म्हणजे थरथरच असते. कण जितका कमी हलेल तितका थंड.

"हात लावला तं गार लागते काय?"

"हात लावता येत नाही, मोठी माय. आणि खरं सांगायचं तर लेझरमुळे तो आतून तापलेलाच असतो. फक्त अख्खा कण इकडून तिकडे हलायचा थांबतो. त्या हलण्याला थंड म्हणायचं."

"म्हंजे अंगात ताप अन् हातपाय गार," ती म्हणाली. "असं लेकरू मी घरी ठेवत नाई बाबू, लगेच दवाखान्यात धाडते."

मी हसलो. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला प्रश्न पडला की मी जे रोज करतो त्याला थंड करणं म्हणायचं की आणखी काही. पुस्तकात उत्तर आहे. ते मला पाठही आहे. तरी पडला.

कणाला थांबवायची आमची रीत सोपी वाटते. कणावरून विखुरलेला उजेड एका डिटेक्टरवर पडतो. त्यावरून कण कुठे चालला ते कळतं. तो उजवीकडे निघाला की विजेने त्याला हलकेच डावीकडे ढकलायचं, डावीकडे निघाला की उजवीकडे. सेकंदाला लाखभर वेळा. झोके घेणाऱ्या पाळण्याला दर वेळी उलट्या बाजूने बोट लावलं तर तो थांबतो, तसंच. हे बोट किती जोरात लावायचं, ते मी एक बटण फिरवून ठरवतो.

आमच्या टेबलावर डिटेक्टर दोन आहेत. पहिल्याच्या सांगण्यावरून ढकलणं चालतं. दुसरा बाहेर बसून नुसतं पाहतो, त्याचा ढकलण्याशी संबंध नसतो. दुसऱ्याची गरज का, हे मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात स्वतः लिहिलं आहे. तर या वर्षीच्या सुरुवातीला बाहेरच्या डिटेक्टरकडे जाणारा एक आरसा माझ्याच कोपराने हलला. तो पुन्हा जुळवायला दोन दिवस लागले असते. आतल्या, म्हणजे पहिल्या डिटेक्टरवर आकडे छान येत होते, बटण जितकं फिरवावं तितकी रेषा खाली जात होती. मी म्हटलं, नंतर जुळवू. आणि आठवडाभरात मला तापमानाचा इतका खालचा आकडा मिळाला, जो आमच्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता.

माझे मार्गदर्शक सर परदेशातल्या एका परिषदेला निघायच्या तयारीत होते. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग विचारलं, "बाहेरच्यावर पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "हो सर."

पाहिलं होतं. महिन्यापूर्वी, बटण जेमतेम फिरवलेलं असताना. हा आकडा पाहिला नव्हता. त्या "हो"मध्ये खोटं किती आणि घाई किती, हे मला अजून कळलेलं नाही. सरांनी तो आकडा त्यांच्या व्याख्यानात घातला, माझं नाव पहिलं टाकलं, आणि म्हणाले की यावरच तुझा प्रबंध उभा राहील.

फेब्रुवारीच्या शेवटी अमरावतीच्या माझ्या जुन्या कॉलेजने मला मुलांपुढे बोलायला बोलावलं. मोठी माय अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली, अंगणवाडीच्या गणवेशाची साडी नेसून. पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. माझ्या जुन्या प्राध्यापकांनी माझी ओळख करून देताना "आपल्या मातीतला" हे शब्द चारदा वापरले. मी बोललो. शेवटी तो आलेख दाखवला. सुरुवातीला जिथे कणाच्या थरथरीचा डोंगर होता, तिथे बटण फिरवत गेल्यावर डोंगर बसत गेला, आणि सगळ्यांत शेवटच्या रेषेत त्याच जागी एक लहानसा खळगा दिसत होता, आजूबाजूच्या सपाटीच्याही खाली. तो खळगा मला फार आवडायचा. मला वाटायचं, बघा, किती शांत.

मुलांनी प्रश्न विचारले नाहीत. प्राध्यापक म्हणाले, कुणीतरी विचारा रे. तेव्हा मोठी माय उठली.

"बाबू, तो शेवटी गड्डा कायचा हाय?"

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो.

"नाई, मी म्हन्ते," ती पुढे म्हणाली, "हलणं पुरं थांबलं तं रेघ बाजूच्यासारखी सपाट व्हाले पायजे. बाजूच्याहून खाली काहून गेली?"

आज मी हे लिहितो तेव्हा मला दिसतं की तिचा जन्म आलेख पाहण्यातच गेला आहे. प्रत्येक लेकराची वाढीची रेघ, हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लाल पट्ट्यात कधी उतरते, ते ती तीस वर्षं पाहते आहे. त्या क्षणी मला हे दिसलं नाही. मी म्हटलं, "ते फार थंड झालं म्हणून."

"बरं बाप्पा," म्हणून ती बसली.

"काकूंनाच पीएच.डी. देऊन टाका," एक प्राध्यापक म्हणाले. पुन्हा हशा झाला. नंतर चहा, बिस्किटं, फोटो. फोटोत ती हसत नाही.

दुपारच्या एसटीने आम्ही दोघं अकोल्याला निघालो. बडनेरा गेलं. तिने पिशवीतून शेंगदाणे काढले, अर्धे माझ्या ओंजळीत घातले. मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि आतून थोडा रुसलो होतो, हे तिला कळलं असावं.

"तुले चारचौघात इचारलं म्हनून राग आला काय?"

"नाही."

"आला. तुये कान लाल झाले." ती शेंगदाणे सोलत राहिली. "एक सांगू काय? कोणाले सांगतलं नाई आजलोक. एका मॅडमले सोडून."

तिने जे सांगितलं ते असं. मी तिच्याकडे राहायला येण्याच्या आधीची गोष्ट. अंगणवाडीत तेव्हा टांगायचा काटा होता: वर गोल तबकडी, त्यात सुई, खाली आकड्याला कापडाची झोळी. झोळीत लेकरू बसवायचं आणि सुई थांबली की वजन लिहायचं. वजनाच्या दिवशी एक सहा-सात महिन्यांची पोरगी झोळीत बसेना. रडे, लाथा मारे, सुई नाचे. बाहेर बाया खोळंबल्या होत्या.

"मी झोळीखाली हात टेकवला. उचललं नाई हं, नुसता टेकवला. सुई अशी गपकन थांबली. मले बरं वाटलं. लिवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. दोन्ही बार हिरव्यात."

"मग?"

"खालून हात लावला तं वजन जास्ती दिसते का कमी?"

"कमी," मी म्हटलं. "हाताने भार घेतला तर कमी दिसेल."

"हाव ना. सगळे असंच म्हन्तात. मलेबी तसंच वाटे. पण मी झोळीचा काठ दुसऱ्या हातानं खाली धरून ठेवला होता, पोरगी उसळू नये म्हनून. कोणता हात किती लागला, देवाले माहीत. सुई मात्र ठाम. तिसऱ्या महिन्यात नर्सबाईनं तिच्या काट्यावर घेतलं. लाल निघालं."

पोरगीला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. आता ती नर्सिंगला आहे, गावात आली की मोठ्या मायच्या पाया पडते. "अन् मी तिच्या मनगटाकडे पायते," ती म्हणाली. "तिच्या मायले अजून माहीत नाई."

मोठी माय त्या वेळी पर्यवेक्षिकेकडे रजिस्टर घेऊन गेली. दोन्ही वजनं चुकली आहेत, मला ती खोडायची आहेत, म्हणाली. मॅडम म्हणाल्या, लेकरू बरं आहे ना, राहू द्या, मागचं कोण पाहतं.

"मी म्हनलं, मीच पायते ना मॅडम, दर महिन्याले. रेघ तिथूनच पुढं न्या लागते." मग तिने लाल शाईने एक आडवी रेघ मारली. खालचा जुना आकडा वाचता यावा अशी. बाजूला कारण लिहिलं आणि सही केली.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. फेरीवाले चढले, उतरले. मी विचारलं, "आणि ते मुकं पोर?"

मुकं पोर म्हणजे तिची गोट्यांची थैली. मन नदीतले गोल दगड भरून, तोंड शिवून, बाळापुरात दोन ठिकाणी तोलून आणलेली. वजनाच्या दिवशी पहिल्यांदा झोळीत ती थैली बसते, मग लेकरं. गावातल्या बाया चिडवायच्या, "बाई, तुमचं हे पोर काही मोठं होत नाई." मी लहानपणापासून समजत होतो की काटा बरोबर आहे का हे पाहायला ती थैली असते.

"ते तं हायच," ती म्हणाली. "पण मुकं पोर रडत नाई, लाता मारत नाई, तरी सुई थोडी नाचतेच. किती नाचते ते आधी पायते. तेवढं नाचणं काट्याचं. त्याच्यावरचं पोराचं. मंग सुई थांबवत नाई मी. इथून तिथं जाऊ देते अन् मधातलं धरते." तिने शेंगांची फोलपटं कागदात गुंडाळली. "सुई थांबली म्हंजे पोरगं थांबलं, असं नसते बाबू."

मी हो म्हटलं. मला काही कळलं नव्हतं. खरंच नव्हतं. मला वाटलं ती मला तिच्या मनातलं एक दुखणं सांगते आहे, आणि मी भाच्या-पुतण्यांनी करावं तसं तोंड करून ऐकत होतो.

अकोल्यात उतरल्यावर ती मला जठारपेठेत एका कापडाच्या दुकानात घेऊन गेली. आता तिच्याकडे आकडे दाखवणारा डिजिटल काटा आला आहे, पण थैली तीच, आणि थैलीचं कापड विरलं होतं. तिने पोरासाठी म्हणून जाड कापड मागितलं.

"कितीक मोठं लेकरू आहे, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"पाच किलोचं."

"किती महिन्यांचं?"

"वीस वर्षांचं असन."

दुकानदार तिच्याकडे पाहतच राहिला. ती मांजरपाटाचा काठ दोन्ही हातांनी ताणून पाहत होती. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. एक वर, एक खाली, कापड मधे ताठ. आणि मला एकदम तो खळगा दिसला.

दुकानदाराचं पेन मागून मी बिलाच्या कागदामागे आकृती काढली. डिटेक्टरलाही स्वतःची कुरकुर असते. कण हलला नाही तरी तो थोडं काहीतरी हलल्यासारखं सांगतो. मी बटण कमी फिरवलं तोवर ते चाललं. फार फिरवल्यावर मी त्या नसलेल्या हालचालीलाही उलटं ढकलत होतो. म्हणजे कण खरोखर हलत होता, माझ्याच ढकलण्याने, आणि नेमका असा हलत होता की डिटेक्टरची कुरकुर खोडली जावी. सुई थांबली होती. म्हणून रेघ सपाटीच्याही खाली. हे सगळं मी वाचलेलं होतं. त्याचं नाव माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर पूर्ण गुण मिळवले असते. मग माझ्या आलेखावर ते मला का दिसलं नाही, आणि ज्या बाईने कधी लेझर पाहिला नाही तिला ते का दिसलं? की तिला दिसलंच नव्हतं, आणि तिने सहज विचारलं? हे मला त्या दुकानातही कळेना, आजही कळत नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. आरसा जुळवायचा राहिला आहे."

परत आल्यावर दोन दिवस आरसा जुळवला. बाहेरच्या डिटेक्टरवर कण पाहिला. बटण अर्ध्यापर्यंत नेलं तोवर दोन्ही डिटेक्टर एकच सांगत होते. तिथून पुढे आतल्यावर कण थंड होत गेला आणि बाहेरच्यावर तापत गेला. माझ्या लाडक्या आकड्याच्या जागी खरा आकडा कितीतरी वर होता. आम्ही पूर्वी मिळवलेल्या आकड्यापेक्षाही वर. एका पडद्यावर शांतता, दुसऱ्यावर धडपड, आणि मधे पेटीत तोच एक पांढरा ठिपका, कॅमेऱ्यात अगदी तसाच.

सर चार दिवसांनी निघणार होते. आकडा चुकला हे सांगणं एक. पण सांगताना त्या "हो"चंही सांगावं लागणार होतं. मी दोन दिवस सांगितलं नाही. टेबलापाशी बसून बटण मागे-पुढे करत राहिलो, जणू काही तिसरंच उत्तर येईल.

तिसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन आल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि त्याच दुपारी पोस्टात टाकलं. मोठ्या मायला फोनवर लिहिलेलं चालत नाही. ते वर सरकून जातं, ती म्हणते, कागद जागेवर राहतो.

प्रिय मोठी माय,

तुले साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर करतो.

अमरावतीला तू गड्ड्याचं विचारलं होतं. मी तेव्हा बोललो ते चुकीचं होतं. ते थंड झालं नव्हतं. माझे हात झोळीला लागले होते. एक वरून अन् एक खालून, तुझ्यासारखेच. खरं वजन मी आता दुसऱ्या काट्यावर घेतलं आहे. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त भरलं, म्हणजे आमच्या कामात वाईट.

आज सकाळी सरांना सांगितलं. आकडा चुकला ते आधी सांगितलं, अन् त्यांनी विचारलं तेव्हा मी न पाहताच हो म्हटलं होतं, ते नंतर. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला समजलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "यानंतर तुझ्या हो-ला मी दोनदा विचारीन." मी म्हटलं, विचारा. मग त्यांनी त्यांच्या व्याख्यानातून तो आकडा काढला. मी म्हटलं, पूर्ण नका काढू. वर एक रेघ मारा, खालचा वाचता यावा अशी, अन् बाजूला का चुकला ते लिहा, म्हणजे दुसरा कोणी आपल्यासारखं करणार नाही. ते म्हणाले, हे कोणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. त्यांना ते नीट म्हणता आलं नाही, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं.

माझा प्रबंध आता वर्षभर पुढे गेला. तू गावात सगळ्यांना सांगितलं असशील की या दिवाळीला मी डॉक्टर होईन. त्यांना सांगजो की नाही होणार. त्याची मला लाज आहे, पण सांगजो.

एक गोष्ट मला अजून समजत नाही. तू हॉलमध्ये विचारलं तेव्हा तुले माहीत होतं काय? की नुसतंच विचारलं? मी रोज वेगवेगळं ठरवतो. तू जे असन ते खरं लिहिजो. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको.

नवीन थैली शिवली असशील. कापड उरलं असेल तर एक लहान थैली मलेबी शिवून पाठवजो, मुठीएवढी, तुझ्या नदीतले दोन-चार दगड घालून. वजन नको करू. ती मी दुसऱ्या डिटेक्टरच्या बाजूला ठेवीन, म्हणजे त्याच्याकडे पाहायचं विसरणार नाही.

तुझा,
बाबू